इस्पितळातला मापाडी

लघवी हा शब्द काढला की चारचौघांत माणसं नाक मुरडतात. मुरडा. माझी निम्मी हयात त्या बाटल्यांपुढे गेली आहे, आणि ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे त्याला तर आमच्या सांगलीच्या इस्पितळात मुताचा मापाडी म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी त्याने ते मला कधी सांगितलं नाही.

नाव अर्जुना. इस्लामपूरच्या अलीकडल्या एका खेड्यातला, चांगल्या शेतकरी घरातला. पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती झाला. पण बंदूक हाती यायच्या ऐवजी इराकातल्या बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात जखमी शिपायांचं करायचं काम वाट्याला आलं. तिथे एका गोऱ्या डॉक्टरने त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली. माणसाच्या पोटात पाणी किती गेलं आणि बाहेर किती आलं, हे रोज मोजायचं. आत गेलं आणि बाहेर येईना, की धावत येऊन सांगायचं. अर्जुनाने ते अडीच वर्षं केलं आणि गावी परतला.

गावी त्याने एक चूक केली. बसऱ्यात काय काम करत होतो, हे भावांना खरंखरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा तांब्या वेगळा झाला. सख्खी भावजय त्याला वरून पाणी वाढू लागली. जात तीच, रक्त तेच, पण हाताला जो वास लागला तो त्यांच्या लेखी निघेना. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. तो उठला आणि सांगलीला डॉक्टर आगट्यांच्या इस्पितळात येऊन राहिला तो कायमचा. मी वाईहून तिथे कंपौंडर म्हणून आलो तेव्हा त्याला तिथे पंधरा वर्षं झाली होती.

त्याची कामाची तऱ्हा अशी. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पाटी. डावीकडे आत गेलेल्याच्या रेघा, उजवीकडे बाहेर आलेल्याच्या. एक रेघ म्हणजे चार औंस. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या पाट्या बघून कुठल्या खाटेवर काय चाललंय ते तो दारातून सांगे. बाटली उचलली की आधी उजेडात धरायचा, मग वरची खूण बघायचा, आणि मग उघड्या तळव्यात ती घट्ट धरून क्षणभर उभा राहायचा. मला शिसारी येई. हात धुतलेस का रे, हे मी त्याला दिवसातून दहादा विचारत असे. तो हात पुढे करून दाखवी. माझ्यापेक्षा त्याचे हात स्वच्छ असत, हे मी आज कबूल करतो.

डॉक्टर आगटे शस्त्रक्रियेला हुशार, पण मधुमेहाचा रोगी आला की घाबरट होत. त्यांचं म्हणणं असं की हे रोगी सुरीने मरत नाहीत, मागाहून मूत्रपिंडं बंद पडून मरतात. रक्तातली साखर लघवीवाटे जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. माणूस आतून कोरडा होतो. वर्षानुवर्षं हे चाललेलं, मूत्रपिंडं आधीच शिणलेली. अशाला थेट टेबलावर घेतलं, रक्त गेलं, भूल दिली, की ती शिणलेली मूत्रपिंडं हात टेकतात. म्हणून डॉक्टर आधी दोन दिवस रोग्याला नुसतं पाणी पाजीत, इन्शुलिन टोचून साखर खाली आणीत, भूल बेतानेच देत, आणि नंतर तासातासाला पाणी. सल्फाच्या गोळ्या तेव्हा नवीन आलेल्या. पू मारायला फार गुणी, पण पाणी कमी पडलं तर त्यांचेच खडे होऊन मूत्रपिंडात रेतीसारखे अडकत. म्हणून त्यांच्याबरोबर खाण्याचा सोडा आणि पुन्हा पाणीच. जिल्ह्यातले इतर डॉक्टर आगट्यांना हसत. पाणक्या डॉक्टर म्हणत.

आता एक अडचण लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. अर्जुना पाणी मोजी, पण पाजू शकत नसे. जो हात लघवीच्या बाटलीला लागतो त्या हातचं पाणी कोण पिणार? ब्राह्मण नाही, मराठा नाही, कोणीच नाही. डॉक्टरांनी दोनदा हुकूम काढून पाहिला आणि दोनदा रोगी उठून घरी निघाले. मग वहिवाट पडली. अर्जुनाने दर तासाला भरलेला पेला खाटेजवळच्या फळीवर ठेवायचा, आणि घरच्या माणसाने तो स्वतःच्या भांड्यात ओतून घेऊन पाजायचा. अर्जुना पुढच्या खेपेला रिकामा पेला बघून डावीकडे रेघ ओढी.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या थंडीत सयाजी नावाचा बागायतदार आमच्याकडे आला. पंचेचाळिशीचा, अंगाने थोराड. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताएवढी काळपुळी, सात-आठ तोंडांनी वाहणारी. लघवी तपासली तर नळीतला निळा द्राव उकळताच विटेसारखा लाल. म्हणजे साखर पुरेपूर. बरोबर थोरला भाऊ नाथाजी आणि बायको शालूबाई. नाथाजी बोलका. पहिल्याच तासात त्याने मला सांगून टाकलं, की भावाला वीस वर्षांत मूल नाही, बाई पांढऱ्या पायाची आहे, दुसरी करून द्यायचं घाटतंय पण हा गडी ऐकत नाही. हे तो बाईच्या समोर सांगत होता. ती खाली बघून नवऱ्याचं अंथरूण झाडत होती.

दोन दिवस पाणी झालं, इन्शुलिन झालं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काळपुळी उभी-आडवी चिरून घाण काढली. सयाजीला पालथा निजवला, तोंड भिंतीकडे. डॉक्टरांनी शालूबाईला बजावलं, तासाला एक पेला, चुकायचं नाही. सल्फाच्या गोळ्या सुरू झाल्या. अर्जुनाने पाटी पुसून कोरी केली.

पुढे दोन दिवस त्या पाटीइतकी देखणी पाटी इस्पितळात दुसरी नव्हती. डावीकडे जेवढ्या रेघा, उजवीकडे तेवढ्याच. मी लघवी उकळून पाहिली, द्राव निळाचा निळा. साखर नावाला नाही. मी ती नळी हातात धरून डॉक्टरांकडे जवळजवळ धावतच गेलो. डॉक्टर खूश. लढाईमुळे इन्शुलिनची टंचाई होतीच, त्यांनी ताबडतोब मात्रा निम्म्यावर आणली. मीही खूश. इतकी साखर दोन दिवसांत साफ जाते कशी, असा प्रश्न माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जुना माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "पंत, सयाजीची बाटली गार लागतीया."

मी म्हणालो, थंडीचे दिवस आहेत. तो म्हणाला की शेजारच्या खाटेची कोमट आहे. शिवाय दुसरं एक त्याला खटकत होतं. माणसाला घाम येतो, जखम वाहते, श्वासातून ओल जाते. आत गेलेलं सगळंच्या सगळं बाटलीत उतरलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं. मी वैतागलो. तुझं काम मोजायचं, तपासायचं माझं, आणि तपासात सगळं उत्तम आहे, असं सांगून मी त्याला वाटेला लावला. चार तास गेले ते माझ्या या शहाणपणापायी गेले. हे मी कुणाला सांगत नसे.

दुपारी अर्जुना सयाजीच्या तोंडापाशी, भिंत आणि खाट यांच्या सांदीत जाऊन बसला. शालूबाई धुणं वाळत घालायला मागे गेली होती. त्याने सयाजीला जीभ दाखवायला सांगितली. जीभ वाळक्या सालीसारखी झाली होती. पाणी कितीदा प्यालास, असं विचारल्यावर सयाजी तोंडातल्या तोंडात म्हणाला, "डाक्टरनं बंद केलंय न्हवं? ती फडकं भिजवून वठाला लावती."

अर्जुनाने मला हाक मारली. खाटेखालची बाटली ओतून टाकली, धुऊन कोरडी केली, आणि ती स्वतःच्या ताब्यात ठेवून तिथेच बसून राहिला. दीड तासाने सयाजीला लघवी झाली. दोन चमचे. मातकट लाल. कमरेत कळा येतात म्हणाला. ते दोन चमचे मी उकळले आणि नळी विटेसारखी लाल झाली.  तीन दिवस मी विहिरीचं पाणी तपासत होतो, आणि इकडे माणसाची मूत्रपिंडं बंद पडत आली होती.

शालूबाई परत आली तेव्हा अर्जुना तिला व्हरांड्यात घेऊन गेला. मी मागोमाग गेलो, खरं तर ओरडायलाच. त्याने मला हाताने थांबवलं आणि तिला विचारलं, "वयनी, पानी कुटं जात हुतं?"

तिने लपवाछपवी केली नाही. फडकं भिजवून उरलेलं पाणी ती खाटेखालच्या बाटलीत, त्याच्या चार थेंब लघवीवर, ओतत होती. पेलाही रिकामा दिसे, बाटलीही भरे, आणि भरलेली बाटली बघून डॉक्टर हसतात हे तिने पाहिलं होतं. मग का केलंस असं मी दरडावलं, तेव्हा ती खाली बसली आणि सांगायला लागली. ती नऊ वर्षांची असताना तिच्या भावाला बैलाने मारलं. शिंग पोटात. अंगणात घोंगडीवर ठेवला होता. मोठी माणसं वैदूला आणायला गेली, ही एकटी जवळ. तो पाणी पाणी करत होता. हिने तांब्याभर पाजलं. घटकाभरात तो गेला. आईने छाती पिटून घेतली ती हिचं नाव घेऊन. पाणी पाजून भावाला मारलंस. गावही तेच म्हणालं आणि अजून म्हणतं.

"कापल्याल्या मानसाला पानी पाजलं की मरतंय," ती म्हणाली. "म्या एकदा मारलाय. आनी दुसऱ्यांदा न्हाई मारायची."

 माझा राग कुठल्या कुठे गेला. अर्जुना तिच्यासमोर, पण हातभर लांब, उकिडवा बसला. पोटाला जखम असली तर पाणी देत नाहीत हे खरं आहे, असं त्याने तिला सांगितलं. बसऱ्यात त्याने पोट फुटलेली पोरं पाहिली होती. ती पाणी मागायची आणि हुकूम होता म्हणून तो द्यायचा नाही. मग सावकाश म्हणाला, "पानी न दिल्याली बी मेली, वयनी. पंधरा-ईस पोरं माज्यासमोर मेली. तुमचा भाऊ शिंगानं मेला. तो तहानल्याला मेला न्हाई, येवडंच तुमच्या पान्यानं केलं."

ती रडली. तीस वर्षांचं रडणं असावं, कारण ते लवकर थांबेना. अर्जुना म्हणाला की आता वेळ नाही. सयाजीची जखम पाठीला आहे, पोटाला नाही, आणि हा माणूस पाण्यावाचून चाललाय. माझ्या हातचं चालणार नाही, म्हणाला. तुम्हीच पाजायचं. ती उठली, तोंड पुसलं आणि आत गेली.

तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांच्या मागे नाथाजी. डॉक्टरांनी नळी पाहिली, बाटली पाहिली आणि विचारलं, हे काय आहे. नाथाजी एकदा माझ्याकडे, एकदा आत खाटेपाशी उभ्या असलेल्या भावजयीकडे बघत होता. कुणाचं चुकलं, असं त्यानेही विचारलं. त्याला काय हवं होतं ते मला त्याच्या तोंडावर दिसत होतं.

अर्जुना म्हणाला, "सायेब, माजी चूक. पानी ठेवायचं ऱ्हाऊन ग्येलं, आनी बाटली धुताना पानी तसंच ऱ्हायलं. रेघा म्या अंदाजानं वढल्या."

त्याने आयुष्यात एक रेघ अंदाजाने ओढली नव्हती. मला ते ठाऊक होतं. डॉक्टरांनाही ठाऊक असायला हवं होतं, पण रागाच्या भरात माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही. त्यांनी सगळ्या वॉर्डासमोर त्याची हजेरी घेतली. हा रोगी मार्गी लागेपर्यंत राहा, कारण तुझ्यावाचून मोजणारं कोणी नाही, आणि मग वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. नाथाजीने वर आणखी दोन शिव्या घातल्या. मी बाजूला उभा होतो. तोंड उघडलं असतं तर साखर नसलेल्या त्या निळ्या नळ्यांचा हिशेब मलाही द्यावा लागला असता. मी तोंड उघडलं नाही.

सल्फा बंद झाली. शिरेतून मिठाचं पाणी सुरू झालं, सोडा सुरू झाला, इन्शुलिन पुन्हा पूर्ण. डॉक्टर मला म्हणाले की उद्यापर्यंत मूत्रपिंडं सुटली तर सुटली, नाहीतर आपल्या हातात काही नाही. शालूबाई पेल्यामागून पेला पाजू लागली. मान वळवून, वाटीने, घोटघोट. प्रत्येक पेल्यानंतर ती नवऱ्याच्या नाकापुढे बोटं धरून बघे. संध्याकाळपर्यंत बाटलीत एक औंस. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा औंस. अर्जुनाने उजवीकडे दीड रेघ ओढली आणि पुन्हा खाली बसला. दुपारी अकरा औंस झाली, तांबूस पण साफ. तिसऱ्या प्रहरी शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा पाटी किती झाली म्हणून विचारू लागला. संध्याकाळी डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, जगला.

पंधरा दिवसांनी सयाजी घरी गेला. जाण्याआधी शालूबाई माझ्याकडून इन्शुलिनची सुई टोचायला शिकली. अर्जुना तेव्हा बागेत गेला होता, म्हणजे डॉक्टरांनी बागेच्या कामाला घातला होता. सकाळ-संध्याकाळ मोटेवरून घागरी आणून तो जास्वंदीला पाणी घाली. वॉर्डातल्या पाट्या एक दुसराच माणूस लिहू लागला. त्याला लिहिता येत होतं. मी खिडकीतून रोज अर्जुनाला बघत असे आणि उद्या डॉक्टरांना सांगू असं रोज ठरवत असे. एकदा त्याला विचारलंही, की बाबा, तू हे आपल्या अंगावर का घेतलंस. तो म्हणाला, पंत, तुमचं नाव बी निघालं न्हाई न्हवं, मग सोडा की. मला फार झोंबलं ते.

तीन महिन्यांनी सयाजी पाठ दाखवायला आला. जखम भरली होती. नाथाजी बरोबर नव्हता. शालूबाईने व्हरांड्यात बसल्या बसल्या पिशवीतून तांब्या काढून नवऱ्याला पाणी दिलं आणि तो मुकाट्याने प्याला. मग तिने अर्जुनाची चौकशी केली. बागेत आहे, वॉर्डातून काढलाय, असं कुणीतरी सांगितलं. ती तशीच उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरली. मी तिथे नळ्या धूत होतो.

"पानी म्या वतलं हुतं बाटलीत," ती म्हणाली. "त्या मानसानं न्हाई." मग तिने सगळं सांगितलं, भावासकट.

डॉक्टरांनी अर्जुनाला बोलावून घेतलं. तो चिखलाच्या पायांनी दारातच उभा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, खोटं का बोललास.

"सायेब," अर्जुना म्हणाला, "हितं तुमी हाय, पंत हायत. घरी त्येला येळंला पानी पाजनारी, सुई टोचनारी ही एकलीच. थोरल्यानं त्या दिवशी हिला घालवली असती तर तुमी वाचिवल्यालं फुडं कुनी राखलं असतं?"

 डॉक्टर उठले, शालूबाईच्या हातातला तांब्या मागून घेतला, अर्जुनाच्या हातात दिला आणि पेल्यात पाणी ओत म्हणाले. अर्जुना कचरला. डॉक्टर पेला पुढे धरून उभेच राहिले. त्याने ओतलं. डॉक्टर ते प्याले. मग शालूबाईने पदर सावरला आणि ओंजळ पुढे केली.

अर्जुना त्याच दिवशी वॉर्डात परत आला. मला डॉक्टर एवढंच म्हणाले, पंत, तुम्हाला हे ठाऊक होतं ना. मी होतं म्हणालो. ते नुसतं नळ्या धुवा म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.